घरभेदी म्हणायचं कोणाला?

प्रश्न : वॉर्साच्या घेटोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, ज्यू पोलिसांनीच आपल्या लोकांना धरून गाड्यांत भरलं, असं वाचलं आणि झोप उडाली. ही सरळसरळ फितुरीच ना?

उत्तर : काहींची फितुरीच होती. पण या विषयावर इतकी वर्षं वाचूनही सगळ्यांना एकच शिक्का मारायला माझा हात धजत नाही.

लेश्नो रस्त्यावरच्या १३ नंबरच्या इमारतीत अब्राहम गान्त्स्वाइखची टोळी बसायची. ती नाझींच्या गुप्त पोलिसांना, गेस्टापोला, घेटोतल्या खबरा पुरवायची, वर लोकांकडून पैसेही उकळायची. त्याला मी बेलाशक घरभेदी म्हणेन.

आडाम चेर्नियाकूव यांचं तसं नाही. जर्मनांनी लादलेल्या ज्यू मंडळाचे, युडेनराटचे, ते प्रमुख. २२ जुलै १९४२ ला हुकूम आला : गाड्यांत भरून धाडायला रोज ६,००० माणसं हजर करा. अनाथ मुलांना तरी वगळा, म्हणून त्यांनी विनवलं, पण कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशीची त्यांची डायरीतली नोंद मला पुन्हा वाचवत नाही : तीन वाजलेत, ४,००० तयार आहेत, चारपर्यंत ९,००० हवेत. त्याच संध्याकाळी त्यांनी विष घेतलं. घेटोतल्याच काहींनी त्यांना दोष दिला, की जाण्याआधी लोकांना सावध तरी करायचं. तो दोष मला अन्यायाचा वाटत नाही, पण फितुरी हा शब्द तिथे बसत नाही.

आता तुम्ही विचारलेले पोलिस. बायकामुलं वाचतील या आशेवर त्यांनी माणसं ओढून नेली. ऑगस्टअखेरीस तर प्रत्येकाला रोज पाच 'डोकी' आणायची सक्ती झाली, नाहीतर घरच्यांनाच गाडीत घालू अशी धमकी. काहींनी लाच घेऊन सोडलं, ज्याच्याकडे द्यायला काही नव्हतं तो गेला. घेटोतच राहून सगळं टिपणाऱ्या इमान्युएल रिंगेलब्लूम यांनी त्यांच्या क्रौर्याबद्दल फार कडवट लिहून ठेवलंय, आणि त्यांच्यापुढे मी पोलिसांची वकिली करणार नाही. २१ सप्टेंबरला, योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी, बहुतेक पोलिसांनाही बायकामुलांसकट ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत धाडलं.

त्यांना दुसरी वाट होती का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. पोलिसप्रमुख युझेफ शेरिन्स्कीवर त्याच ऑगस्टमध्ये गोळी झाडून त्याला जखमी करणारा तरुण म्हणजे ज्यू लढाऊ संघटनेचा इझ्राएल कानाल. तो आधी ज्यू पोलिसांतच होता.