तारीख लांब असताना

गुडघा बदलायचं ठरलंय, पण तारीख लांब आहे. अशा वेळी चिडचिड होणं, मधूनच रडू येणं साहजिक आहे, स्वतःला दोष देऊ नका. दुखण्यानं झोप मोडते आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त जाणवतं. माझ्या मते माणूस खचतो तो इथेच. रात्रीच्या दुखण्याबद्दल डॉक्टरांशी मुद्दाम बोला, गोळ्या मात्र आपल्या मनानं वाढवू नका.

बरं वाटलं त्या दिवशी सगळी कामं उरकायचा मोह होतो. तो आवरा. दुखायला लागण्याआधीच थांबून बसायचं. काठी घ्यायला लाजू नका, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा (बरेच जण उलट धरतात). खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, मांडीचा स्नायू ५ सेकंद आवळून धरायचा, हा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. ऑपरेशननंतर तो स्नायू कामी येतोच, पण आज आपल्या हातात काहीतरी आहे, हा दिलासा मला त्याहून मोलाचा वाटतो.

घरच्यांना ‘ठीक आहे’ म्हणत बसू नका. ‘आज जिना नको’ असं नेमकं सांगा. दोन आठवडे कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरांना सांगाच. नैराश्यावरचे उपचार ऑपरेशनसाठी थांबत नाहीत. जगणंच नकोसं वाटलं, तर त्याच दिवशी.