हार्ट फेल्युअर असलेल्या बाबांना सर्पगंधाची मुळी उगाळून देऊ का?

नका देऊ. गुहागरात शेजारच्या काकांचं प्रेशर या मुळीने उतरलं म्हणता, ते खरं असेल. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ सालीच या मुळीचा रक्तदाबावरचा गुण मांडला होता. तिच्यातलं रेसरपिन हे अल्कलॉइड मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरॲड्रिनलिनचा, म्हणजे हृदयाला जोर देणाऱ्या आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या रसायनाचा, साठा रिकामा करतं; दाब उतरतो, नाडीही मंदावते.

पण बाबांचं दुखणं वेगळं. त्यांच्या हृदयाचा पंप कमजोर झालाय, म्हणून पाणी पायांत, फुप्फुसांत साठतं. असं हृदय त्याच नॉरॲड्रिनलिनच्या जोरावर कसंबसं रेटत असतं; मुळीने तो जोरच काढून घेतला जाईल. त्यात डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर धोका आणखी. आणि सहाणेवरच्या किती वळशांत किती रेसरपिन उतरलं, कोण सांगणार?

रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा झोपताना जास्त उशा लागल्या, तर लगेच डॉक्टरांना गाठा.