पॉलिमर-बॅटरी संशोधनात नव्याने येणाऱ्यास

बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठातून एम.एस्सी. झाल्यावर बॅटरीच्या संशोधनाकडे वळण्याचा तुमचा विचार मला मनापासून आवडला. मात्र पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा की बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, हे ठरवण्याआधी विषयाचा गाभा समजून घ्या. पॉलिइथिलीन ऑक्साइड या पॉलिमरमध्ये, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंच्या पदार्थात, लिथियमचे क्षार विरघळवले की त्या साखळ्यांच्या हालचालीमुळे आयन (विद्युतभारित कण) पुढे सरकतात आणि बॅटरी त्यावरच चालते, पण सुमारे ६० अंश सेल्सिअसखाली हा पॉलिमर बराचसा स्फटिकरूप राहत असल्याने आयनवहन मंदावते, आणि १९७० च्या दशकापासून संशोधक याच अडचणीशी झुंजत आले आहेत. पहिली दोन वर्षे तीच धरून बसा.

नमुना कोरडा ठेवणे हे निम्मे काम आहे. यातील बरेच क्षार हवेतील ओल झपाट्याने शोषतात, आणि खानापूरचा पावसाळा पाहिलेल्यांना ओलीची चिवटता वेगळी सांगायला नको. पुरेशा न वाळवलेल्या पॉलिमरच्या पातळ पटलातील वाढीव आयनवहन मी एकदा शोध समजून बसलो होतो. ते पाण्यामुळे होते, आणि त्यात माझे चार महिने गेले. म्हणून प्रत्येक मापन किमान तीन स्वतंत्र नमुन्यांवर करा आणि फसलेला प्रयोगही तारखेसह वहीत नोंदवा. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी अवश्य बोला.