डॉर्मचा फॉर्म कोणी भरायचा?

अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स (एकाच विषयात न अडकता वेगवेगळे विषय शिकवणाऱ्या) कॉलेजांत प्रवेश मिळालेल्या मुलांच्या घरून या महिन्यात बरेच प्रश्न आले. ही कॉलेजं साधारण दीड-दोन हजार विद्यार्थ्यांची आणि बहुतेक सगळी निवासी, त्यामुळे राहण्याचा, म्हणजे डॉर्मचा (कॉलेजच्या वसतिगृहाचा) प्रश्न अभ्यासाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

प्रश्न : मुलीच्या हाउसिंग फॉर्मवर सिंगल, डबल, ट्रिपल असे पर्याय आहेत. घरी तिला स्वतंत्र खोली आहे. सिंगल मागावी का? की बाहेर फ्लॅट भाड्यानं घ्यावा? (एक आई, विलेपार्ले)

फ्लॅटचा विचार सोडा. पहिल्या वर्षी कॅम्पसवर राहणं जवळजवळ सगळीकडे सक्तीचं असतं, काही ठिकाणी तर चारही वर्षं. सिंगल खोल्या पहिल्या वर्षाला सहसा मिळत नाहीत. वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडून वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत फॉर्मच्या आधीच संपते. दुसऱ्या वर्षापासून 'रूम ड्रॉ' असतो : लॉटरीत नंबर लागतो, त्या क्रमानं खोली निवडायची, वरच्या वर्गांना आधी संधी. म्हणजे सिंगलची वाट बघायची तयारी ठेवा.

आमचं मत : डबल लिहा. ट्रिपलमध्ये नीट चौकशी करा, कारण काही वेळा ती मुळात दोघांसाठीच बांधलेली खोली असते आणि तिसरा पलंग नंतर आत ढकललेला असतो.

खरी गोष्ट पुढच्या पानावर आहे. झोपायची वेळ, पसारा, आवाज, पाहुणे, खोली गार हवी की उबदार, या उत्तरांवरून रूममेट ठरते. हे पान आई-बाबांनी भरू नये. पालक लिहितात 'दहाला झोपते, टापटीप आहे'. मग पहाटे साडेपाचला पोहायला जाणारी रूममेट वाट्याला येते आणि मुलगी तर दोनपर्यंत जागी! ती आज जशी राहते तसंच तिनं लिहावं.

सुरुवातीच्या आठवड्यांत मजल्यावरची आरए (रेसिडेंट असिस्टंट), म्हणजे वरच्या वर्गातली एक विद्यार्थिनी, दोघींकडून लेखी करार करून घेते. आपली मुलं इथे चुकतात. 'चालेल, काहीही चालेल' म्हणत सही करतात आणि पुढे सगळंच खटकायला लागतं. अलार्म कितीदा वाजला तर चालेल, फ्रीजमधलं काय सामायिक, कोणाचे पाहुणे रात्री राहतील, हे तिथेच ठरवून घ्यावं. पहिले दोन-तीन आठवडे खोली बदलून मिळत नाही, हा अनेक कॉलेजांचा नियम असतो. त्यानंतर आधी त्या कराराबद्दलच विचारतात.

आणि आरए म्हणजे आपल्या हॉस्टेलची रेक्टर नव्हे. तुम्ही विलेपार्ल्याहून फोन केलात तरी कॉलेज फारसं काही सांगणार नाही. १९७४ च्या फर्पा कायद्यानं कॉलेजात गेलेल्या मुलांच्या नोंदींवर हक्क मुलांचाच असतो.

प्रश्न : मुलगा शाकाहारी आहे. राइस कुकर, किटली, छोटा मिक्सर इथूनच द्यावा का? (एक वडील, दादर)

यातलं काहीही देऊ नका. आपली वीज २३० व्होल्टची, त्यांची १२०. पिनचा अडॅप्टर फक्त आकार बदलतो, व्होल्टेज नाही. १५०० वॅटची आपली किटली तिथे जेमतेम ४०० वॅटनं तापेल आणि मिक्सर नुसता कण्हत बसेल. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर '१००-२४० व्होल्ट' छापलेलं असेल तर त्यांना नुसता अडॅप्टर पुरतो. शिवाय गरम होणारी बरीच उपकरणं डॉर्मच्या खोलीत निषिद्ध असतात. उदबत्ती आणि निरांजनही. देवघर मांडायचंच तर बॅटरीवरची पणती.

मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर असतं, पण मोहरी-हिंगाची फोडणी जपूनच करावी. धुराचा सेन्सर वाजला की अख्खी इमारत, मग बाहेर बर्फ का पडत असेना, रस्त्यावर येते. तेल धुरायच्या आधी मोहरी टाकावी, झाकण हाताशी ठेवावं, चिमणी असेल तर आधी सुरू करावी.

पहिल्या वर्षी मोठा मील प्लॅन (कॉलेजच्या डायनिंग हॉलमधल्या जेवणांचं पॅकेज) बहुधा सक्तीचा असतो. आठवड्याला १९ जेवणं असं लिहिलेलं असेल तर शनिवार-रविवार दोनच वेळा, ब्रंच आणि रात्रीचं. शाकाहाराच्या बाबतीत पाटीवर विसंबू नये : सूपमध्ये चिकनचं पाणी, राजम्यासारख्या उसळीत डुकराची चरबी, दह्यात जिलेटिन असू शकतं. 'व्हेगन' पाटी सगळ्यांत भरवशाची. डायनिंग हॉलचा आहारतज्ज्ञ किंवा व्यवस्थापक पहिल्या आठवड्यातच गाठावा. कॉलेज छोटं असल्याचा हा खरा फायदा, तो माणूस नावानिशी ओळखतो. मेतकूट आणि कोरडी चटणी बंद पाकिटात द्या, आणि विमानतळावर कस्टममध्ये खाद्यपदार्थ आहेत असं न विसरता जाहीर करायला सांगा.

प्रश्न : मुलं-मुली एकाच मजल्यावर? (मुलुंड)

बहुतेक ठिकाणी हो. फक्त मुलींचा मजला हवा असेल तर बऱ्याच ठिकाणी फॉर्मवर तसा रकाना असतो. जागा थोड्या, म्हणून मुदतीआधी भरा. दारू-सिगारेट नको असेल तर 'सबस्टन्स-फ्री' इमारत मागता येते. स्मिथ आणि माउंट होल्योक ही मुलींचीच कॉलेजं. स्मिथमध्ये मोठ्या डॉर्मऐवजी 'हाउस' असतात आणि पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतच्या मुली त्यांत एकत्र राहतात.

प्रश्न : डिसेंबरचं परतीचं तिकीट आत्ताच स्वस्त मिळतंय. काढू का? (बोरिवली)

कॉलेजचं कॅलेंडर बघितल्याशिवाय नको. कार्लटन कॉलेजमध्ये पहिली टर्म नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकन सणाच्या) आधी संपते आणि सुट्टी थेट जानेवारीपर्यंत. मिडलबरी कॉलेजमध्ये मात्र जानेवारीतही एक छोटी टर्म असते. सुट्टीत अनेक डॉर्म आणि डायनिंग हॉल बंद होतात. राहायचं असेल तर वेगळा अर्ज लागतो, त्याची मुदत सुट्टीच्या बरीच आधी संपते. जातानाचं तिकीटही मोजून काढा : विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी प्रवेश मिळत नाही.

प्रश्न : लसींचा फॉर्म अपुरा राहिला तर? (ठाणे)

काही कॉलेजं खोलीची किल्लीच देत नाहीत. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीचे) दोन डोस लागतात आणि त्यांत किमान २८ दिवसांचं अंतर हवं, म्हणून जुलैच्या शेवटी जाग येऊन उपयोग नाही. टीबीची तपासणी मागितली तर त्वचेवरची नको, रक्ताची करून घ्या. लहानपणी दिलेल्या बीसीजीमुळे त्वचेची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग एक्स-रे काढत बसावं लागतं.

प्रश्न : चादरी इथूनच? (परळ)

तिथली गादी ३८ बाय ८० इंच, 'ट्विन एक्सएल'. आपली ६० बाय ९० ची चादर लांबीला खोचायला आखूड पडते. पांघरायला न्या, अंथरायची तिथे घ्या.