प्रश्न तुमचे, उत्तर मैदानातून : आशिया चषक हुकला, आता सुरुवात कुठून?

(14 ऑक्टोबर 2025 ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारताचा फुटबॉल संघ सिंगापूरकडून 1-2 असा हरला आणि 2027 च्या आशिया चषकाची पात्रता हुकली. त्यावर आलेल्या पत्रांना आमच्या सदर-लेखिका उत्तरं देत आहेत. खडकीत गेली 26 वर्षं त्या लहान मुलामुलींना फुटबॉल शिकवतात.)

प्रश्न : मी निवृत्त बँक कर्मचारी. भारताचा सामना सहसा चुकवत नाही. जून 2024 पासून सव्वा वर्षात आपण तीन प्रशिक्षक पाहिले. स्टिमाच गेले, मार्केझ गेले, आता खालिद जमील. चौथा आणायचा का? की दुखणं दुसरीकडेच आहे?
— एक वाचक, सदाशिव पेठ

काका, दुखणं दुसरीकडेच आहे. खालिद जमील यांनी 2016-17 मध्ये मिझोरामच्या ऐजॉलसारख्या तुटपुंज्या पैशांच्या क्लबला आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली वरची लीग, जिंकून दिली होती. ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय संघ हाती घेतला आणि महिना-सव्वा महिन्यात मध्य आशियातल्या काफा स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. त्याच माणसाच्या हाताखाली आपण ऑक्टोबरमध्ये सिंगापूरपुढे हरलो. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही 0-1 हरलो, 22 वर्षांत पहिल्यांदा. दोन महिन्यांत माणसाची अक्कल काही गहाण पडत नाही.

राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला मुलं मिळतात ती आठ-दहा दिवसांच्या शिबिरात. पंचविशीतल्या खेळाडूचा पहिला टच, म्हणजे आलेला चेंडू पायावर घेण्याची सवय, तोवर पक्का झालेला असतो, चांगला असो वा वाईट. फातोर्ड्याचा सामना मी माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांबरोबर टीव्हीवर पाहिला. छांगटेने चौदाव्या मिनिटाला लांबून गोल मारला तेव्हा आम्ही तिघं उभे राहून ओरडलो. 44 व्या मिनिटाला बरोबरी झाली, 58 व्याला दुसरा गोल बसला, आणि त्यानंतर अर्ध्या तासात आपल्याला एक गोल जमला नाही. त्या दोघांतला एक, आता रिक्षा चालवतो, हळूच म्हणाला, "टीचर, गोल मारणाराच कोणी नाही हो." खरंच नाही. मार्च 2025 मध्ये सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं, वयाच्या चाळिशीत. छेत्रीबद्दल मला अपार आदर आहे, पण त्याच्यामागे रांग लागलेली असायला हवी होती.

ती का नाही? आपल्या मोठ्या लीगमध्ये, इंडियन सुपर लीगमध्ये, एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येतात आणि क्लब बहुधा त्यातला एक तरी पुढे, गोल मारायच्या जागेवर लावतात. क्लबला दोष देता येत नाही, त्यांना शनिवारी जिंकायचं असतं. पण मग आपला वीस वर्षांचा आघाडीपटू बाकावर बसतो, नाहीतर विंगवर ढकलला जातो. त्यात 2025-26 च्या हंगामात करारांच्या घोळामुळे लीगच महिनोनमहिने लटकली, सप्टेंबरऐवजी फेब्रुवारीत सुरू झाली. सामनेच नाहीत तर पाय तयार कुठे होणार?

सिंगापूरशी पहिला सामना आठवा, 9 ऑक्टोबरचा, त्यांच्या मैदानावरचा. संदेश झिंगनला लाल कार्ड, आपण दहाजण, वर 0-1 ने मागे. नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली. हा रहीम 2017 ला आपल्याकडे झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या संघातला. ती स्पर्धा संपल्यावर त्या पोरांना घरी पाठवलं नव्हतं. 'इंडियन ॲरोज' नावाने त्यांचा संघ आय-लीगमध्ये उतरवला. पहिल्याच हंगामात ते तळाला राहिले. पण सतरा-अठरा वर्षांची पोरं दर आठवड्याला पूर्ण वाढलेल्या पुरुषांशी भिडत होती. सुरेश वांगजाम, अन्वर अली, जॅक्सन सिंग, आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव, सगळे त्याच घोळक्यातले. 2022 मध्ये ॲरोज बंद झाली. मला कोणी एकच गोष्ट मागायला सांगितली तर मी प्रशिक्षक मागणार नाही, ती टीम परत मागेन.

घाईने काय होतं ते इटलीकडे बघा. 2018 चा विश्वचषक हुकला, तीन वर्षांत प्रशिक्षक मान्चिनींनी युरो, म्हणजे युरोपचा चषक, जिंकून दिला, आणि मार्च 2022 मध्ये उत्तर मॅसिडोनियाकडून घरच्या मैदानावर हरून पुढचा विश्वचषकही हुकला. वरचा मजला रंगवला, पाया तसाच.

मला जपानचं उदाहरण जवळचं वाटतं. 28 ऑक्टोबर 1993, दोहा. इराकविरुद्ध 2-1 ने पुढे, पहिला विश्वचषक काही सेकंदांवर, आणि भरपाईच्या जादा वेळेत कॉर्नरवरून हेडर बसला. पात्रता गेली. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांची जे-लीग दहा क्लबांनी सुरू झाली होती आणि प्रत्येक क्लबला स्वतःचे मुलांचे संघ सांभाळणं बंधनकारक होतं. दोह्यानंतर त्यांनी यातलं काहीही मोडलं नाही. 1998 पासून जपान एकाही विश्वचषकाला चुकलेला नाही. त्या रात्री जपानच्या मधल्या फळीत हाजिमे मोरियासू खेळत होते. 2022 च्या विश्वचषकात कतारमध्ये जर्मनीला आणि स्पेनला हरवणाऱ्या जपानचे प्रशिक्षक तेच. एका हरलेल्या रात्रीपासून 29 वर्षं एकाच वाटेने चालत राहायचं, याचा मला हेवा वाटतो.

प्रश्न : माझा मुलगा 9 वर्षांचा आहे. टर्फवर अकादमीत जातो. तिथे दर रविवारी अकरा-अकराचे सामने असतात. तो उंच आहे म्हणून त्याला कायम मागे, बचावात उभं करतात. संघ जिंकतो, ग्रुपवर फोटो येतात, पण घरी आल्यावर तो म्हणतो, "आई, बॉल आलाच नाही." मी विनाकारण काळजी करतेय का? देशाच्या संघाच्या चर्चेत हा प्रश्न फारच लहान आहे, माहीत आहे.
— एक आई, सिंहगड रोड

ताई, या खेपेला आलेल्या गठ्ठ्यातलं सगळ्यात मोठं वाक्य तुमच्या मुलाचं आहे. "बॉल आलाच नाही."

बेल्जियमचा संघ 2006 आणि 2010 या दोन्ही विश्वचषकांना पात्र ठरला नव्हता. त्या काळात त्यांच्या संघटनेचे मिशेल साब्लाँ यांनी ल्यूव्हेन विद्यापीठाकडून लहान मुलांच्या सामन्यांचं चित्रीकरण करून घेतलं, थोडेथोडके नाही, दीड हजार सामने. दिसलं ते हे, की सात-आठ वर्षांच्या मुलाच्या पायाला अर्ध्या तासात चेंडू सरासरी दोनदा लागतो. दोनदा! मग त्यांनी सगळ्यात छोट्यांना दोन-दोनच्या सामन्यांवर आणलं, पुढे पाच-पाच, मग आठ-आठ, आणि अकरा सगळ्यात शेवटी. अगदी लहान गटांचे गुणतक्तेच काढून टाकले. 2018 मध्ये बेल्जियम विश्वचषकात तिसरा आला. हेच साब्लाँ 2015 मध्ये सिंगापूरच्या संघटनेचे तांत्रिक संचालक झाले होते. फातोर्ड्याच्या निकालाचं श्रेय मी त्यांना देणार नाही, पण आपल्याहून कितीतरी छोट्या देशाने कोणाकडे शिकायला जायचं ठरवलं ते पाहा.

मी हे वाचलं तेव्हा माझ्याच मैदानावर मोजून पाहिलं. एका खिशात मूठभर चिंचोके घेतले. एका मुलावर नजर ठेवायची, त्याच्या पायाला चेंडू लागला की एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. डावीकडच्या कोपऱ्यात खेळणारा एक शांत मुलगा निवडला. वीस मिनिटांच्या हाफमध्ये तीन चिंचोके हलले. तिसरा तर पायाचा नव्हताच, थ्रो-इनचा होता. उरलेला वेळ तो बुटाच्या टोकाने मातीत रेघा ओढत होता. त्या दिवशी संघ 4-0 जिंकला होता आणि मी मुलांना वडापाव दिला होता. घरी गेल्यावर खिशातले चिंचोके टेबलावर काढले आणि मला रडू आलं. त्याआधीची कितीतरी वर्षं मी तसंच शिकवत होते.

दुसऱ्या दिवसापासून खुणेचे प्लास्टिकचे कोन लावून मैदानाच्या सहा पट्ट्या केल्या. प्रत्येकीत तीन-तीन किंवा चार-चार, गोलकीपर नाही, छोटे गोल. त्याच मुलाचे दहा मिनिटांत मूठभर चिंचोके संपले.

तेव्हा तुम्हीही रविवारी चिंचोके घेऊन जा. मोजा. आकडा प्रशिक्षकांपुढे ठेवा, भांडू नका, नुसता ठेवा. छोटे सामने घ्यायला तयार झाले तर उत्तम. "स्पर्धा जवळ आल्या आहेत" असं उत्तर मिळालं तर जागा बदला, मग टर्फ कितीही हिरवंगार असो. आणि नऊ वर्षांच्या मुलाला उंचीवरून बचावपटू ठरवणं मला मुळीच पटत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी बाकीचे त्याच्याइतके उंच होतात आणि मग त्याच्याकडे ना उंचीचा फायदा उरतो ना चेंडूची ओळख.

स्पर्धांचंही सांगते. आपल्याकडे शालेय सामने बहुतेक बाद पद्धतीने होतात. सकाळी आठला डबा घेऊन निघालेली मुलं साडेनऊला हरून बसमध्ये बसलेली असतात, आणि त्यांचं त्या स्पर्धेतलं वर्ष तिथे संपतं. त्या एका सामन्यात हरायचं नसतं, म्हणून मोठ्या चणीची मुलं उतरवली जातात आणि जन्मतारखांचे खेळ सुरू होतात. शेवटी मनगटाचा एक्स-रे काढून वय तपासायची वेळ संघटनेवर येते. साखळी सामने ठेवा, प्रत्येकाला वर्षाला तीस सामने मिळू द्या, यातलं निम्मं आपोआप थांबेल. 2018 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने गोल्डन बेबी लीग ही योजना आणली, ती नेमकी यासाठीच. चार सोसायट्यांचे पालक एकत्र आले तरी अशी साखळी उभी राहते. आमची खडकीतली पहिली साखळी सहा संघांची होती आणि गुण मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचे.

प्रश्न : परदेशात वाढलेले भारतीय वंशाचे खेळाडू घेतले तर प्रश्न झटक्यात सुटणार नाही का?
— एक विद्यार्थी, विमाननगर

झटक्यात नाही, पण मदत होईल. आपल्याकडे 2008 पासून सरकारचा नियम आहे की देशाकडून खेळायचं तर पासपोर्ट भारताचाच हवा. रायन विल्यम्सने नोव्हेंबर 2025 मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून आपलं घेतलं. त्याची आई मुंबईची. माझं त्याला मनापासून स्वागत. फातोर्ड्याला आपल्यावर दोन्ही गोल मारणारा साँग उई-यंगही मूळचा कोरियाचा. पण तो कोवळ्या वयात सिंगापूरला आला, तिथल्या क्लबात वाढला, मग 2021 मध्ये नागरिक झाला. म्हणजे त्यालाही वाढायला मैदान तिथल्या लीगनेच दिलं.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या शाळेत मुलींची टीम नाही. मी भावाच्या मित्रांबरोबर खेळते. बाबा म्हणतात, पुढच्या वर्षी दहावी, आणि भारताचा संघ तर कुठेच पात्र होत नाही, कशाला वेळ घालवतेस? त्यांना काय सांगू?
— दापोडी

बाळा, बाबांना आधी हे सांग की भारताचा संघ पात्र झालाय. 5 जुलै 2025 ला थायलंडमध्ये, चियांग माईला, आपल्या मुलींनी थायलंडलाच 2-1 हरवलं आणि 2026 च्या महिलांच्या आशिया चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून या स्पर्धेत पोचायची भारताच्या मुलींची ही पहिलीच वेळ. 2022 ला हीच स्पर्धा आपल्या राज्यात होती, बालेवाडीतही सामने झाले. यजमान म्हणून आपल्याला जागा होती, पण संघात कोरोना शिरला आणि स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं. त्यानंतर साडेतीन वर्षांत त्या परत उभ्या राहिल्या. आणि मुलांचंही सांग. ढाक्याच्या पराभवानंतर बाराच दिवसांनी, 30 नोव्हेंबरला, आपल्या सतरा वर्षांखालच्या पोरांनी अहमदाबादेत इराणला 2-1 हरवून त्यांच्या वयोगटाचा आशिया चषक गाठला.

दहावीबद्दल बाबांचं म्हणणं खोटं नाही. आठवड्यातल्या तीन सकाळी, साडेसहा ते साडेसात, एवढाच करार त्यांच्याशी कर आणि तो तूही पाळ. शाळेत टीम नसेल तर सात मुली शोध, अकरा लागत नाहीत. खेळाच्या शिक्षकांकडे सातजणी मिळून जा, एकटी जाऊ नकोस. भावाच्या मित्रांबरोबर खेळणं मात्र थांबवू नकोस, तिथे अंगाला अंग लागतं, ते शिकायलाच हवं.

आमच्या सरावाला रविवारी सकाळी बाबांना घेऊन ये. त्यांना बसायला खुर्ची देईन आणि हातात चिंचोके. बूट नसतील तर नवे घ्यायची घाई करू नका, 36 आणि 37 नंबरचे दोन जोड माझ्या कपाटात पडून आहेत.