युजनेटवरच्या गटांची विषयवार मांडणी कशी होती? आणि ‘टॉक’ हा वेगळा विभाग कशाला काढला?

युजनेट म्हणजे संगणकांच्या जाळ्यावरचे विषयवार चर्चागट. मी ते नव्वदच्या दशकात अमेरिकेत शिकताना वाचायचो, त्या आधारावर सांगतो.

गटाच्या नावात डावीकडून उजवीकडे विषय बारीक होत जायचा. ‘रेक.म्युझिक.इंडियन.क्लासिकल’ म्हणजे करमणूक, त्यात संगीत, त्यात भारतीय, त्यातही शास्त्रीय. आपण पत्ता लिहितो त्याच्या बरोबर उलट: आधी जिल्हा, घर सगळ्यात शेवटी.

ही घडी पहिल्यापासून नव्हती. १९८० मध्ये सुरुवात झाली तेव्हा बहुतेक गट ‘नेट’ याच नावाखाली होते. १९८६-८७ मध्ये सगळ्यांची नावं बदलून सात विभाग केले: संगणकांसाठी कॉम्प, सायन्ससाठी साय, करमणुकीसाठी रेक, समाजासाठी सॉक, खुद्द युजनेटविषयी न्यूज, किरकोळ विषयांसाठी मिस्क आणि वादविवादासाठी टॉक. पाहताना वाटतं, कुणा ग्रंथपालाने केलंय. खरं कारण बरंचसं खर्चाचं होतं. पत्रं, म्हणजे गटात टाकलेले संदेश, मोडेमवरून, फोनच्या बिलावर एका यंत्रातून दुसऱ्यात जायची, आणि समुद्रापलीकडे पाठवायची तर फारच महाग. धर्म, राजकारण, गर्भपात यांवरची न संपणारी भांडणं स्वतःच्या पैशाने कोण वाहून नेणार? म्हणून ती सगळी ‘टॉक’मध्ये कोंबली. ज्याला नको त्याने सेटिंगच्या फाइलमध्ये ‘टॉक सोडून सगळं’ असं लिहिलं की झालं. मला तरी ही त्या मांडणीतली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते.

नवा गट हवा असेल तर आधी प्रस्ताव, मग ‘न्यूज.ग्रुप्स’वर काथ्याकूट, मग मतदान. ‘हो’ मतं ‘नाही’पेक्षा किमान शंभराने जास्त लागायची. तरी मोठी यंत्रं सांभाळणाऱ्यांना पटलं नाही तर गट अडायचा. अमली पदार्थांवरच्या गटाचं तेच झालं. त्यावर उतारा म्हणून १९८७ मध्ये ब्रायन रीड, जॉन गिलमोर वगैरे संगणकवाल्यांनी ‘ऑल्ट’ हा स्वतंत्र विभाग काढला. तिथे मतदान नाही, परवानगी नाही. मग काय, वाट्टेल त्या नावाचे गट निघाले. (रीडचं दुखणं पाककृतींच्या गटाला दिलेलं नवं नाव हे होतं!)

आपल्यासाठी ‘सॉक.कल्चर.इंडियन’ होता, पुढे त्याखाली ‘मराठी’ही आला, तिथलं मराठी अर्थात रोमन लिपीत. पण एकच पत्र एकदम अनेक गटांना टाकता यायचं, त्यामुळे क्रिकेटच्या गटातला वाद सहज संस्कृतीच्या गटात शिरायचा आणि विषयांच्या भिंती नावापुरत्या उरायच्या.

जुनी पत्रं चाळायची असतील तर गूगल ग्रुप्सवर शोधा. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे नवी येत नाहीत, जुनी आहेत.