दिवा घ्या, चित्र घ्या, खुर्ची थांबेल

कागदी दिवा, बुक्ले कापडाची गुबगुबीत खुर्ची, नागमोडी कडेचा आरसा आणि मर्यादित आवृत्तीतलं एखादं चित्र, यातल्या दोनच गोष्टी घ्यायच्या तर कोणत्या, असं तुम्ही विचारलंय. मी दिवा आणि चित्र घेईन.

सध्या 'नवीन' म्हणून फिरणाऱ्या या वस्तू तशा जुन्याच आहेत. आतून गुलाबी उजळणारा तो नागमोडी आरसा इटालियन डिझायनर एत्तोरे सोत्साससाहेबांनी 1970 मध्ये केला. कागदी दिवा तर आणखी जुना. शिल्पकार इसामू नोगुची 1951 मध्ये जपानमधल्या गिफूला गेले, तिथल्या कंदिलांवरून त्यांना 'अकारी' दिवे सुचले. बांबूच्या पातळ कामट्या आणि तुतीच्या सालीचा कागद, बस्स. कागदातले तंतू उजेड चहूकडे पसरवतात, त्यामुळे बल्ब डोळ्यांत खुपत नाही आणि सावल्याही मऊ पडतात. स्वस्त नकलांमध्येही हा गुण बऱ्यापैकी उतरतो, म्हणून अस्सलच हवा असा हट्ट मी धरणार नाही.

हट्ट बल्बचा धरा. लोक हौसेने दिवा आणतात आणि आत 6500 केल्विनचा पांढराफटक बल्ब लावतात. मग दिवाणखान्याचा दवाखाना होतो! 2700 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उबदार उजेडाचा एलईडी घ्या, खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 किंवा जास्त आहे ना ते बघा. तो आकडा कमी असला की लाल रंग मळकट दिसतात, आणि तुम्ही तर त्याच खोलीत चित्र लावणार आहात.

आता चित्र. कोपऱ्यात पेन्सिलीने 12/50 लिहिलेलं असतं, म्हणजे पन्नास प्रतींमधली बारावी. पण ते छापलं कसं, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. स्क्रीनप्रिंट (जाळीतून शाई दाबून केलेली छपाई) किंवा लिनोकटमध्ये (लिनोलियमच्या कोरलेल्या ठशाची छपाई) साधारणपणे प्रत्येक रंग वेगळा चढवलेला असतो. 'जिक्ले' म्हणजे चांगल्या शाईची इंकजेट छपाई. ती वाईट नसते, पण तिला हातछपाईचा भाव देऊ नका. भिंगातून पाहिलंत तर इंकजेटचे बारीक ठिपके दिसतात, स्क्रीनप्रिंटचा रंग बहुधा सलग आणि थोडा जाडसर असतो.

फ्रेमिंगमध्ये काटकसर मी एकदा केली आहे. माउंट, म्हणजे चित्र काचेपासून दूर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, न लावता चित्र थेट काचेला टेकवून बसवलं. दमट हवेत शाई काचेला चिकटली आणि सोडवताना वरचा रंग सोलून निघाला. तेव्हा माउंट हवाच, तोही आम्लमुक्त, नाहीतर कडा काही वर्षांत तपकिरी पडतात. उन्हाची भिंत टाळा, अतिनील किरण अडवणारी काचसुद्धा रंग उडणं फक्त लांबवते. चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर ठेवा. सोफ्याच्या वर लावणार असाल तर हे माप विसरा आणि पाठीपासून 15-20 सेंटिमीटर जागा सोडा.

आरशाबद्दल माझं काही मत नाही, आवडला तर घ्या.

बुक्लेच्या खुर्चीचं मात्र जपून. ते कापड म्हणजे सुताची वेटोळी. अंगठी, बटण, पट्ट्याचं बक्कल, काहीही त्यात अडकतं आणि धागा ओढला जातो. घरात मांजर असेल तर विषयच संपला. तरीही मन राहत नसेल, तर आधी कापडाचा नमुना मागवा आणि आठवडाभर येताजाता त्यावर किल्ली घासा.